झारी कोणी दुरुस्त केली

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वेबसाइटवर एवढी माणसं चढली की वेबसाइट बसली. ती बसली तेव्हा गावात एकाही घरचा पंप चालू नव्हता.

असं याआधी कधी घडलेलं नाही. गावात कोणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि वर तुम्हालाच विचारेल की तुम्ही देवेशचे कोण. तेव्हा मी सुरुवातीपासून सुरुवात करतो, म्हणजे जिथे खरोखरच काही घडत नव्हतं तिथून.

देवेश म्हणजे मी. मालवणातून रिक्षाने येण्यासारखा आमचा गाव. चुलतबहीण भक्ती आणि मी मिळून 'कामाक येतंय' नावाची वेबसाइट काढली. पंप दुरुस्त करणारा, नारळ पाडणारा, लग्नाचे फोटो काढणारा, बॅनर डिझाइन करणारी, अशा सगळ्यांनी तिथे नाव नोंदवायचं. ज्याला गरज असेल त्याने तिथून बोलवायचं. नाव भक्तीने ठेवलं. आमच्याकडे कुठल्याही कारागिराला फोन केला की तो 'येतंय' म्हणतो. पुढे तो येत नाही, पण तो भाग आम्ही नावात घेतला नाही.

बाबांनी मुदत घातली. "चतुर्थीपर्यंत तुझ्या साइटीर माणसां दिसली तर हंय रव. नायतर भाई येतलो, त्याच्यावांगडा मुंबय."

भाई म्हणजे माझे काका. डोंबिवलीला राहतात. त्यांच्या कंपनीत लोक फोन करून मिक्सर आणि फ्रीजबद्दल तक्रारी करतात आणि कंपनीची माणसं त्या ऐकतात. तिथे माझ्यासाठी एक खुर्ची तयार आहे असं भाई कित्येक वर्षं सांगत होते. ती कोणीच घेत नव्हतं यावरून मी काय ते समजलो होतो. मला इथेच राहायचं होतं. जेवून पडवीत झोपणं हे माझं मुख्य कौशल्य आहे आणि ते मुंबईत चालत नाही. शिवाय मला माझा गाव आवडतो. गावाचं माझ्याबद्दलचं मत वेगळं आहे, पण ते पुढे येईलच.

तर माणसं आणायची होती. मी क्यूआर कोडचे कागद छापले आणि जिथे गर्दी असते तिथे चिकटवले. एसटीच्या शेडमधला कागद बकरीने खाल्ला. मासळी बाजारात मी हौसाबाईच्या टोपलीला एक लावला. हौसाबाई आमच्या घरी मासे घालते, त्यामुळे ती मला हक्काने शिव्या देते.

"ह्या काय चिकटवलंस?"

"स्कॅन केलं की आमची साइट उघडते."

"गिऱ्हायक इलो, फोन काढलो, तुझ्या कागदाचो फोटो काढलो आणि सुरमय घेवक इसारलो. काढ तां. नायतर तुकाच कापून वाट्यार लावतंय. तुका तरी कोण घेतलो म्हणा."

मग मी व्हॉट्सअॅपकडे वळलो. गावच्या भजनाच्या, क्रिकेटच्या आणि मयताची बातमी देणाऱ्या ग्रुपवर लिंक टाकली. पहिल्या दोन ग्रुपमधून मला काढून टाकलं. मयताच्या ग्रुपवर लिंकखाली लोकांनी हात जोडले, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि लिंक कोणीही उघडली नाही.

त्या दिवसांत साइटवर नियमित येणारे म्हणजे मी, भक्ती, आणि परदेशातला कुठला तरी रोबोट, जो पासवर्ड मागून परत जायचा. त्याची चिकाटी बघून मला भरून यायचं.

कारागीर म्हणत, गिऱ्हाईक नाही तर नाव कशाला घालू. गिऱ्हाईक म्हणत, कारागीर नाही तर बघू काय. हा पेच बाबली मेस्त्रीने सोडवला. बाबली पंप दुरुस्त करतो. त्याने एके दिवशी स्वतःहून नाव नोंदवलं आणि संध्याकाळी घरी आला.

"सबसिडी कधी येतली?"

"बाबलीकाका, ही सरकारी योजना नाही."

"मगे माझा नाव कित्याक घेतलंस?"

"तुम्हीच घातलंत."

"मी घालीन रे. तू घेतलंस कित्याक?"

मी त्याला चहा दिला. पण बाबलीचं नाव आलं हे कळताच शंकर आला. शंकरही पंप दुरुस्त करतो. त्याचं घर बाबलीच्या घरासमोर आहे आणि दोघांनी आपापले दरवाजे मागच्या बाजूला काढून घेतलेत. शंकरने आपल्या माहितीत लिहिलं, 'बाबलीने बिघडवलेले सर्व प्रकारचे पंप दुरुस्त करून मिळतील.' मी हे वाक्य काढायला हवं होतं, असं भक्ती म्हणते. पण साइटवर लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं ज्यात काही सेवा होती.

आता बाबली आणि शंकर दोघेही भजनीबुवाही आहेत, हे सांगायला हवं. आमच्याकडे डबलबारी असते. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. सुरुवात देवापासून होते आणि लवकरच समोरच्याच्या खानदानावर येते. एक बुवा पुराणातला सवाल टाकतो, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. आणि नियम असा की सवाल अंगावर असताना बुवाने बैठक सोडायची नसते. सोडली तर हरला. यात माणसं जागची हलत नाहीत, भूक विसरतात. या दोघांची शेवटची बारी वीज गेल्यामुळे अर्धवट राहिली होती. दोघेही ती आपण जिंकली असं धरून होते, आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

मग सुगंधाचा अभिप्राय आला. सुगंधा समुद्राकडच्या बाजूला होमस्टे चालवते. तिने बाबलीच्या नावाखाली लिहिलं, 'माणूस बरो. पंप तसोच.'

बाबलीने खाली उत्तर दिलं. सुगंधाला नव्हे, शंकरला:

'शंकराच्या पंपाची मोठी ख्याती,
बटण दाबला काय येता माती.'

तासाभरात शंकर:

'बाबलीन भरली मोटरीची कॉइल,
पाणी रवला बावीत, नळाक इला ऑइल.'

रात्री जेवताना बाबांना कोणीतरी फोनवर हे वाचून दाखवलं. बाबा हसले. मी आकडा बघितला. त्या एका संध्याकाळी साइटवर अख्ख्या महिन्यापेक्षा जास्त माणसं आली होती. रोबोट गर्दी बघून निघून गेला होता.

"डिलीट कर," भक्ती म्हणाली.

"गो, आकडा बघ."

"बघतंय. एक तरी काम इला?"

"आधी माणसं येतात. मग कामं येतात. सगळ्या मोठ्या साइट अशाच सुरू झाल्यात."

"खंयची मोठी साइट दोन मेस्त्र्यांच्या शिव्यांर सुरू झाली, सांग."

मी शोधतो म्हणालो. शोधण्याऐवजी मी त्या पानावर 'उत्तर द्या' असं मोठं बटण केलं, आणि पुढचं वाचायचं तर नाव नोंदवावं लागेल अशी सोय केली. गावाने धडाधड नावं नोंदवली. अर्जात 'तुम्ही कोणतं काम करता' असा रकाना होता. तिथे लोकांनी 'बघतंय', 'ऐकतंय', 'बाबलीकडचो', 'शंकराकडचो' असं भरलं. दिव्या नावाच्या कॉलेजातल्या मुलीने 'न्याय' लिहिलं. आमच्याकडे आता तालुक्यातली सगळ्यात मोठी कारागिरांची यादी होती आणि त्यातल्या बहुतेकांचा धंदा बघणं हा होता.

मग शंकरने सवाल टाकला. वामनाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बळीराजा झारीतून पाणी सोडून दान द्यायला निघाला, शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, पाणी अडलं, वामनाने दर्भाची काडी घातली, शुक्राचार्यांचा डोळा फुटला. इथपर्यंत पुराण आहे. शंकरने विचारलं:

'काडी घातली तोटीत, डोळो गेलो फुटान,
झारी कोणी दुरुस्त केली, सांग माका गावन.'

बाबलीला येईना. कोणालाच येईना. बाबलीने पोथ्या काढल्या, वेंगुर्ल्याच्या एका शास्त्रीबुवांना फोन केला, तर तेही थांबले आणि म्हणाले की हा प्रश्न त्यांच्या मनात यायला हवा होता. शंकरने खाली आणखी एक ओळ घातली: 'ज्याका झारी कळना नाय, त्यान पंपाक हात लावचो नाय.'

बाबलीने हात लावणं बंद केलं. सवाल अंगावर होता, बैठक सोडायची नव्हती. तो पडवीत फोन घेऊन बसला. शंकरही कामाला जाईना, कारण तो पाइप काढत असताना उत्तर आलं तर खोडायला कोण? तोही आपल्या पडवीत बसला. दोघांचे पाने अवजारांच्या डब्यात पडून राहिले.

पंपाला पुराण कळत नाही. चतुर्थी जवळ आली आणि पंप एकामागून एक बंद पडले. मुंबईचे चाकरमानी येऊ लागले. त्यांनी गेल्या वर्षी माडीवर बाथरूम बांधून घेतले होते, त्यांना आता बावीवरून कळशी न्यायला लागली. सुगंधाच्या होमस्टेतल्या पुण्याच्या पाहुण्यांनी बावीतून पाणी काढतानाचे फोटो काढले आणि हा अनुभव जाहिरातीत आधी का नव्हता म्हणून तक्रार केली. बाहेरून मेकॅनिक आणावा तर कोणी येईना. बाहेरचे मेकॅनिकही आमच्या साइटवर बसले होते, झारीचं काय झालं बघत.

आकडा रोज वाढत होता. तो मी बाबांना रोज सकाळी दाखवत होतो. बाबा कळशी घेऊन बावीवरून येत असायचे, त्यामुळे ते नीट बघायचे नाहीत.

मग देवळात बैठक भरली आणि मला बोलावणं आलं. देवस्थान कमिटीचे दाजी मधोमध बसले होते. गावात इतकी एकजूट मी आधी फक्त मयताला बघितली होती.

"ह्याका दर्यात सोडा," सुगंधा म्हणाली.

"आता सुकती आसा," मागून कोणीतरी म्हणालं. "परत येतलो."

"मगे भरतीक सोडा."

दाजींनी हात वर केला. "देवेशा, शिरा पडांदे तुझ्या साइटीर. आज बंद कर ती."

"बंद करतो, दाजी. पण मग सवाल तसाच राहील. ज्याच्यावर राहिला तो उठणार नाही, ज्याने टाकला तोही उठणार नाही."

दाजींनी डोळे मिटले. ते जुने बारी ऐकणारे आहेत. त्यांना हे खरं आहे हे कळलं, आणि त्यामुळे ते माझ्यावर जास्त चिडले.

"आज बारी," ते म्हणाले. "हंय, समोरासमोर. दुपारीच. रात्रीपर्यंत बिनपाण्याचा कोण रवतलो?"

"मी साइटवर थेट दाखवतो," मी म्हणालो. "म्हणजे मुंबईचे—"

"तू गप."

मी गप्प बसलो आणि थेट दाखवलं. मुदत संपत आली होती; बाबांना माणसं दिसायला हवी होती आणि एवढी पुन्हा कधी दिसली नसती.

दुपारी सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला बाबली, एका बाजूला शंकर, मध्ये मृदंग, पेट्या, आणि एक रिकामी कळशी, जी कोणीतरी मुद्दाम ठेवली होती. शंकरने सवाल पुन्हा गायला. कोरसने तो इतक्या वेळा घोळवला की मला स्वतःला झारीची काळजी वाटू लागली. देवळात बसलेले लोकही फोनवर आमची साइट उघडून समोरचंच बघत होते. मुंबई बघत होती, गोवा बघत होता, आखातात कामाला गेलेले बघत होते.

आणि साइट बसली. सगळ्यांच्या फोनवर एक गोल चाक फिरायला लागलं.

"काय झाला?" दाजी.

"लोड आला," भक्ती म्हणाली. मी आतून फार अभिमानाने उभा होतो.

बाबलीने शेजाऱ्याच्या हातातला फोन घेतला. चाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पेटीवर हात ठेवून त्याने आवाज लावला:

'बळीन तक्रार घातली देवेशाच्या साइटीर,
चाक फिरता फिरता इलो कलियुग पाठीर.'

झारी कोणीच दुरुस्त केली नाही. ती अजून तशीच आहे. तक्रार आमच्याकडे पडून आहे.

सगळ्यांनी शंकरकडे बघितलं. उत्तर बरोबर की चूक हे सवाल टाकणाऱ्याने सांगायचं असतं. शंकरने मान खाली घातली, आणि वर केली ती बाबलीची ओळ गातच. त्याच्या मंडळींनी ती उचलली. मग दोन्ही बाजूंच्या मंडळींनी मिळून उचलली. अर्ध्या तासात माझ्यावर पाच कडवी तयार झाली. त्यातलं एक माझ्या झोपेवर होतं आणि ते खूप चांगलं होतं. हौसाबाईने वन्समोअर दिला.

दोघे बुवा एकत्र उठले. शंकर म्हणाला, "बाबली, सुगंधाचो पंप आधी बघूया. माका वाटता फूटव्हॉल्व गेलो."

"गेलोच आसा. माका तेव्हाच कळल्लो. पण तू सवाल टाकलंस."

"बरो होतो मां सवाल?"

"सवाल बरोच होतो."

अंधार पडेपर्यंत गावातले पंप सुरू झाले. लोकांनी दोघांना फोन करून बोलावलं. दोघे 'येतंय' म्हणाले आणि आले. वेबसाइटची कोणालाही गरज लागली नाही. तीही तोपर्यंत सुरू झाली होती आणि रिकामी होती.

भाई गणपतीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून उतरले. पाय धुण्याआधी त्यांनी मला मिठी मारली.

"काय रे, कमाल केलीस. आमच्या साहेबांनी ऑफिसात लावून बघितली ती बारी. साहेब म्हणाले, लोकांना भांडणात इतका वेळ एका जागी धरून ठेवणारा माणूस तक्रार विभागात नाही तर कुठे असायचा?"

मी बाबांकडे बघितलं. "बाबा, माणसं दिसली. तुम्ही म्हणालात चतुर्थीपर्यंत माणसं दिसली तर राहा."

"दिसली," बाबा म्हणाले. "माका दिसली, गावाक दिसली, दुबयक दिसली. काम खंय आसा?"

"आता येतील कामं. सुरुवातीला—"

"एक दाखव. एक काम इला तर मी भाईक नको म्हणान सांगतंय."

हे मला न्याय्य वाटलं. पाच दिवसांचे गणपती होते. मी आरत्या केल्या, भक्तीने साइट नीट केली, आणि दोघांनी घराघरात जाऊन लोकांना एक तरी काम टाकायची विनंती केली. लोकांनी मोदक दिले. शेवटच्या दिवशी, विसर्जन करून आल्यावर, फोन वाजला. साइटवर काम आलं होतं. खरं काम, सगळे रकाने नीट भरलेले.

'काम: देवेश याला कुडाळ स्टेशनवर सोडणे. कधी: उद्या. टाकणारा:' आणि बाबांचं नाव.

बाबांनी स्वतः नोंदणी केली होती. मी बाहेर गेलो. ते पडवीत होते.

"हे काम धरायचं नाही, बाबा."

"कित्याक? तुझीच साइट आसा. तू म्हणतलंस तां काम."

"म्हणजे काम आलं. मग तुम्ही भाईंना नको सांगायचं."

"काम पुरा झाला काय सांगतंय," बाबा म्हणाले आणि आत गेले.

पंधरा मिनिटांत कारागीर तुटून पडले. बाबलीने लिहिलं, 'टेम्पो आसा. मोटरीच्या बाजूक बसचा लागतला.' शंकरने लिहिलं, 'बाबलीच्या टेम्पोत मी पण. गाडी सुटली काय नाय तां बघूक माणूस व्हयो.' सुगंधा पाहुण्यांची गाडी द्यायला तयार होती, पाहुण्यांसकट. हौसाबाईने पहिल्यांदाच नाव नोंदवलं, त्याच क्यूआर कोडवरून असणार, आणि लिहिलं, 'टोपल्यांवांगडा नेतंय.' मला गावातून नेण्यासाठी माणसं एकमेकांशी स्पर्धा करत होती. बाजारपेठ म्हणतात ती हीच. मी पुस्तकात वाचलं होतं तसंच सगळं झालं.

भक्तीने काम बाबली आणि शंकरला जोडून दिलं.

"तू पण?" मी म्हणालो.

"पहिला काम आसा," ती म्हणाली. "बिघडवक देवचंय नाय मी."

आणि गणपतीनंतर परतीच्या गाडीला, जिथे माणसं दरवाज्यात उभं राहायलाही तिकीट घेतात, तिथे भाईंनी काढलेलं माझं तिकीट कन्फर्म झालं. खिडकीची जागा. गाव ते बघायला आला. मी हा अर्ज टेम्पोत, मोटरीच्या बाजूला बसून लिहायला घेतला आणि पोचल्यावर फलाटावर पुरा करून स्टेशन मास्तरांच्या खिडकीतून आत दिला.

प्रति,
मा. स्टेशन मास्तर साहेब,
कुडाळ रेल्वे स्थानक.

विषय: कन्फर्म झालेले तिकीट पुन्हा वेटिंगमध्ये टाकणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की, मी खाली सही करणार अर्जदार हा 'कामाक येतंय' या संकेतस्थळाचा चालक असून, सदर संकेतस्थळावर नोंदवलेले एकमेव काम 'स्टेशनवर सोडणे' असे आहे. अर्जदारास आज स्टेशनवर सोडण्यात आले असल्याने सदर काम पूर्ण झाले आहे. गाडीत बसणे हा त्या कामाचा भाग नाही, हे कामाचा मजकूर वाचल्यास आपल्या लक्षात येईल. पूर्ण झालेले काम दाखवल्यावर अर्जदारास गावात राहता येईल असे वडिलांचे तोंडी आश्वासन आहे. परंतु अर्जदार गाडीत बसल्यास ते दाखवण्यास अर्जदार गावात उरत नाही.

तरी माझे तिकीट कृपया वेटिंगमध्ये टाकावे, ते पुढील चतुर्थीपर्यंत तेथेच ठेवावे, आणि तसे लेखी पत्र माझ्या वडिलांस व फलाटावर उभे असलेल्या दोन मेकॅनिकांस गाडी सुटण्यापूर्वी देण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
देवेश
(फलाट क्रमांक एक, गाडीच्या बाहेर)